सहावी ते आठवी: बडोद्याच्या पालिका शाळा कशाने मोजायच्या?

बडोदा महानगरपालिकेच्या हद्दीतल्या सरकारी प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समिती चालवते. शाळांची संख्या शंभरावर आहे आणि गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी माध्यमाची मुलेही त्यांत शिकतात. या प्रत्येक शाळेचे मूल्यमापन राज्य सरकार करते, तिला श्रेणी देते आणि ती गांधीनगरच्या संगणकात साठवते. वाडीत किंवा गाजरावाडीत राहणाऱ्या एखाद्या आईला मात्र पाचवी झालेल्या मुलीला याच शाळेत ठेवावे की दोन रस्ते ओलांडून पलीकडच्या शाळेत घालावे, हे ठरवताना त्या माहितीचा उपयोग क्वचितच होतो. ती शेजारणीला विचारते. शेजारीण सांगते, त्या शाळेतल्या बाई चांगल्या आहेत, पोरांना घेऊन बसतात. त्या एका वाक्यावर मुलीची पुढची तीन वर्षे ठरतात.

पालिकेच्या शाळांची आपसांत तुलना करावी का, आणि केली तर ती पालकांपुढे मांडावी का, असा हा प्रश्न आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे प्रामाणिक आहेत. तुलना नको म्हणणारे शिक्षक कामचुकार नसतात आणि तुलना हवी म्हणणारे पालक शिक्षकांचे वैरी नसतात. म्हणूनच घाईने कौल देण्याआधी दोन्ही बाजू नीट ऐकून घ्यायला हव्यात.

मी बोलतो आहे तो टप्पा सहावी ते आठवीचा. गुजरातमध्ये हे तीन वर्ग प्राथमिक शाळेतच भरतात, त्यामुळे त्यांचा वेगळा विचार फारसा होत नाही. गाजावाजा पहिलीचा होतो, कारण शाळा प्रवेशोत्सव तिथे असतो, मंत्री आणि अधिकारी येतात, मुलांना दप्तरे मिळतात. पुढची चिंता दहावीची, कारण तिथे बोर्ड असते. मधली तीन वर्षे कुणाच्याच नजरेत नसतात. पण मूल शाळेत टिकणार की सुटणार, याचा निकाल बहुधा याच वर्षांत लागतो. अपूर्णांक पक्के नसलेले मूल सहावीत बीजगणिताच्या तोंडाशी येऊन थांबते. मुलगी वयात येते, आणि शाळेत स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल तर महिन्यातले काही दिवस घरी राहू लागते. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की मकरपुऱ्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये किंवा मंगळ बाजारातल्या दुकानात त्याच्या हाताला किंमत येते. आणि पालिकेच्या बहुतेक शाळा आठवीला संपतात. नववीसाठी एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेऊन दुसरीकडे, बहुधा ग्रँटेड (अनुदानित) शाळेत, जावे लागते. या एका उंबरठ्यावर किती मुले गळतात, हे शाळा चांगली की वाईट याचे सर्वांत खरे उत्तर आहे. त्याकडे मी पुढे परत येणार आहे.

या शहराला शिक्षणाच्या मोजमापाचा मोठा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती साऱ्या बडोदा राज्यात लागू केली. मूल शाळेत आले नाही तर पालकाला दंड होई. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचा ठराव मांडला आणि १९११ मध्ये विधेयक आणले, तेव्हा एक हिंदी संस्थान हे करू शकते तर ब्रिटिश सरकार का नाही, हा त्यांचा आधार बडोद्याचाच होता. विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले, पण बडोद्याचे उदाहरण कुणाला खोडून काढता आले नाही. त्या काळी मोजायची गोष्ट एकच होती: मूल वर्गात बसले आहे की नाही. ती मोजणे सोपे होते आणि त्या काळाला तेवढे पुरेसे होते. आज पट जवळजवळ भरलेला आहे. प्रश्न आहे तो बसलेल्या मुलाला काय येते याचा, आणि हे मोजणे हजेरी मोजण्याइतके सरळ नाही.

गुजरातने ते मोजायचा प्रयत्न बऱ्याच राज्यांच्या आधी सुरू केला, हे मान्य करायला हवे. २००९ मध्ये ‘गुणोत्सव’ आला. शिक्षकांनी आधी स्वतःच्या शाळेचे मूल्यांकन करायचे, मग मंत्र्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी शाळांत जाऊन वाचन, लेखन, गणन तपासायचे, आणि शाळेला ए प्लसपासून डीपर्यंत श्रेणी मिळायची. सचिव दर्जाचा माणूस खेड्यातल्या शाळेत बसून चौथीच्या मुलाला वाचायला सांगतो, हे दृश्यच नवे होते आणि त्याचा परिणामही झाला. मात्र स्वतःच स्वतःला गुण द्यायचे, आणि त्या गुणांवर अब्रू अवलंबून, अशी रचना असली की गुण फुगतात. २०१९ नंतरच्या ‘गुणोत्सव २.०’ मध्ये म्हणून स्वतंत्र शाळा निरीक्षक आले. अध्ययन-अध्यापन, शाळेचे व्यवस्थापन, सहअभ्यासक्रम, साधनांचा वापर अशी क्षेत्रे ठरली. गांधीनगरला विद्या समीक्षा केंद्र उभे राहिले आणि राज्यभरातल्या शाळांची हजेरी आणि कसोट्यांचे गुण तिथल्या पडद्यांवर दिसू लागले. माहितीची टंचाई आता नाही. ती वरच्या दिशेने वाहते, खाली येत नाही, ही अडचण आहे. केंद्र सरकारच्या यूडायस पोर्टलवर शाळेचा क्रमांक टाकला की खोल्या, नळ, स्वच्छतागृहे, शिक्षकांची संख्या दिसते. सातवीतल्या मुलाला तीन अंकी भागाकार येतो का, हे पालकाला तिथे कळत नाही.

तुलना पालकांपुढे ठेवावी, या बाजूचा पहिला आधार न्यायाचा आहे. खाजगी शाळेतल्या मुलाचे आईवडील फी भरतात, जाब विचारतात आणि न पटल्यास शाळा बदलतात. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के आरक्षणातून गरीब मुलाला खाजगी शाळेत जागा मिळते, पण ती पहिलीतच. जे मूल पहिलीत पालिकेच्या शाळेत आले, त्याला सहावीत ते दार बंद असते. त्याच्यापुढे निवड आहे ती फक्त पालिकेच्या एका आणि दुसऱ्या शाळेत. तेवढी निवड तरी डोळसपणे करता यावी, ही मागणी जास्तीची नाही. करोनाच्या वर्षांत कामधंदे बसले तेव्हा गुजरातच्या शहरांत अनेक कुटुंबांनी मुलांना खाजगी शाळांतून काढून पालिकेच्या शाळांत घातले, आणि बडोदाही त्याला अपवाद नव्हते. त्या पालकांना प्रश्न विचारायची सवय होती. त्यातले किती टिकले आणि किती परत गेले, यामागे शाळाशाळांतला फरक नक्कीच आहे.

दुसरा आधार पुराव्याचा. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि असीम ख्वाजा या अर्थतज्ज्ञांनी ११२ गावांत एक प्रयोग केला. निम्म्या गावांत प्रत्येक पालकाला आपल्या मुलाचे आणि गावातल्या सगळ्या शाळांचे गुण एका साध्या पत्रकावर दिले आणि समजावून सांगितले. वर्षभरात त्या गावांतल्या मुलांचे गुण वाढले, खाजगी शाळांची फी सुमारे १७ टक्क्यांनी उतरली आणि शाळेत जाणारी मुलेही वाढली. गरिबी, सरकारी आणि खाजगी शाळांचे शेजार, सगळे आपल्यासारखेच असलेल्या मुलखातली ही गोष्ट आहे. दुसरे उदाहरण दूरचे पण बोलके. इंग्लंड आणि वेल्स या दोन्ही ठिकाणी १९९२ पासून शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होत. वेल्सने २००१ मध्ये ते बंद केले, इंग्लंडने चालू ठेवले. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर दोन्हींची तुलना केली, तेव्हा वेल्समधल्या शाळा मागे पडल्याचे दिसले. ही घसरण वरच्या पाव शाळांत नव्हती, ती उरलेल्यांत होती. म्हणजे माहिती झाकली तेव्हा नुकसान झाले ते सुखवस्तू वस्तीतल्या मुलांचे नव्हे. तुलनेला विरोध करताना आपण गरीब मुलांची बाजू घेतो आहोत असे ज्यांना वाटते, त्यांनी या निष्कर्षाजवळ जरा थांबावे.

आणि एक आधार शिक्षकांचाही आहे, जो सहसा कुणी मांडत नाही. ज्या शाळेत एखादे सर सुटीनंतर मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसतात, एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेतात, घरी जाऊन बापाला समजावतात, त्या शाळेचे श्रेय आज कुठेच लिहिले जात नाही. तिच्या आणि तास ढकलणाऱ्या शाळेच्या मधली दरी शेजारणीच्या एका वाक्यात विरून जाते.

आता दुसरी बाजू. ती मला जास्त वेळ अडवून ठेवते, कारण तिच्यातले धोके काल्पनिक नाहीत.

अमेरिकेत २००२ पासून ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने शाळांचे भवितव्य परीक्षेच्या गुणांना बांधले. अटलांटा शहरात २०११ मध्ये चौकशी अहवाल आला तेव्हा ४४ शाळांत मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचे निघाले आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे त्यात होती. चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली जात होती. ज्या मुलांना वाचता येत नव्हते, त्यांना कागदावर वाचता येऊ लागले, आणि म्हणून त्यांना मिळायची ती जादा मदत मिळाली नाही. डोनाल्ड कॅम्पबेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच सांगून ठेवले होते की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगावे तितका तो आकडा बिघडतो, आणि ज्या कामाची देखरेख करायला तो आणला ते कामही बिघडवतो. आपल्याकडे याची चुणूक दिसली आहेच. ज्या काळात एकम कसोटी, म्हणजे घटक चाचणी, घ्यायची, तपासायची आणि प्रत्येक प्रश्नाचे गुण ऑनलाइन भरायचे असे चक्र चालू होते, तेव्हा शिक्षकांची तक्रार होती की शिकवण्याचा वेळ भरण्यात जातो. ती तक्रार खरी होती.

त्याहून खोल आक्षेप मुले वेगवेगळी असण्याचा आहे. अकोट्याच्या बाजूच्या शाळेत येणारे मूल आणि शहराच्या कडेला बांधकामावर राहणारे मूल सहावीत एकाच पायरीवर नसतात. दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडून मजुरीला आलेल्या कुटुंबातली मुले दिवाळीला आणि होळीला गावी जातात आणि पुष्कळदा आठवडेच्या आठवडे परतत नाहीत. घरी भिली बोलणारे मूल गुजराती माध्यमात बसते. अशा शाळेने मुलाला दुसरीच्या पातळीवरून पाचवीच्या पातळीवर आणले तर ते मोठे काम आहे, पण सातवीच्या पेपरात त्याला तरीही कमी गुण पडतात. शेजारच्या शाळेत मूल घरून शिकवणी लावून येते आणि शाळेने फारसे काही न करता पहिल्या रांगेत जाते. नुसत्या गुणांची यादी लावली तर ती शाळांची यादी नसते, वस्त्यांच्या ऐपतीची असते. आणि मग जे होते ते आपण पाहिले आहे. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव झाले तेव्हा बाहेरगावच्या पालकांची प्रवेशासाठी रांग लागली. त्या शाळेचा गौरव रास्तच होता, पण त्या रांगेतला प्रत्येक जाणता पालक आपल्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीतून उठून गेलेला असतो. मागे राहतात ती ज्यांना कुणी नेणारे नाही अशी मुले. पट घटतो, आणि घटत्या पटाची शाळा दुसरीत विलीन करण्याचा प्रस्ताव येतो.

इथे मराठी शाळांचा विषय येतो, आणि तो मला हळुवारपणे मांडायचा आहे. दांडिया बाजार, राजमहाल रोड, वाडी, नवापुरा या भागांत एकेकाळी मराठी शाळा हे घरचेच अंगण होते. मध्यमवर्गीय मराठी घरांनी बऱ्याच आधी खाजगी इंग्रजी शाळांची वाट धरली. २०१८ साली याच शहरात ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, मोठ्या थाटात पार पडले, आणि त्या मांडवातल्या बहुतेकांची नातवंडे मराठी शाळेत नव्हती. मी दोष देत नाही. मुलांच्या पोटापाण्याचा विचार प्रत्येकाने करावा. पण पालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत आज उरली आहेत ती बहुतांशी कष्टकऱ्यांची मुले, आणि वर्ग लहान आहेत. समजा, आठवीत बाराच मुले आहेत. त्यातले एक आजारी पडले आणि परीक्षेला बसले नाही, तर निकाल आठ टक्क्यांहून अधिक खाली येतो. पन्नास मुलांच्या वर्गात त्याच एका मुलाने दोन टक्केच फरक पडला असता. लहान शाळा एका वर्षी यादीत वर आणि दुसऱ्या वर्षी तळाला दिसेल, आणि दोन्ही वेळा शिक्षक तेच असतील, शिकवणे तेच असेल. तळाला दिसलेल्या वर्षी कुणी विलीनीकरणाची फाइल काढली, तर एक माध्यमच त्या भागातून संपते. सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी एवढे नियम सांगतात, पण दुसऱ्या माध्यमाची शाळा तेवढ्या अंतरात असली म्हणून मराठीत शिकलेल्या सहावीच्या मुलीचा प्रश्न सुटत नाही. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीच्या सर्व शाळांत गुजराती विषय अनिवार्य झाला, ते मला योग्यच वाटते. ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा मुलाला उत्तम आली पाहिजे. मात्र मराठी शाळेतल्या मुलावर भाषांचा भार इतरांपेक्षा एकाने अधिक आहे, हे मोजमाप करणाऱ्याने विसरू नये.

मग काय करायचे? तुलना सोडून द्यायची?

मला तसे वाटत नाही. झाकून ठेवल्याने तुलना थांबत नाही. ती शेजारणीच्या तोंडी चालूच राहते, फक्त अपुऱ्या माहितीवर. आणि मार्ग शोधायला दूर जायलाही नको, तो गुजरातच्याच नियमांत आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याने २०१२ मध्ये नियम केले तेव्हा आधीपासून चालणाऱ्या खाजगी शाळांच्या मान्यतेसाठी एक निकष ठरवला. देशातल्या बहुतेक राज्यांनी खोल्यांचे क्षेत्रफळ आणि मैदान मोजले. गुजरातने वेगळा विचार केला. मुलांना प्रत्यक्ष किती येते याला ३० टक्के भार दिला. शाळा स्वतःच्या आधीच्या कामगिरीपेक्षा किती पुढे गेली याला ४० टक्के. इमारत, साधने, शिक्षकांची पात्रता याला १५ टक्के, आणि अभ्यासाबाहेरची वाढ व पालकांचे मत याला उरलेले १५ टक्के. सर्वांत मोठा वाटा प्रगतीला. शिक्षणतज्ज्ञांनी त्या नियमांची चर्चा देशभर केली, काहींनी सुविधांना कमी महत्त्व दिल्याबद्दल टीकाही केली, आणि त्या टीकेत तथ्य आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला पंधरा टक्क्यांच्या कोपऱ्यात बसवून चालणार नाही. पण मूळ विचार पक्का आहे. जो न्याय सरकारने खाजगी शाळांना लावायचे ठरवले तो पालिकेच्या शाळांना का नको? सहावीत आलेले मूल कुठे होते आणि आठवीतून जाताना कुठे पोहोचले, हे अंतर मोजले की वस्तीची ऐपत बरीचशी बाजूला होते. छोटा उदेपूरहून आलेल्या मुलांची शाळा तिथे वर येऊ शकते, आणि शिकवण्यांच्या जोरावर मिरवणारी शाळा उघडी पडू शकते.

क्रमवारी मात्र नको. शंभराव्या आणि एकशे दहाव्या शाळेतला फरक बहुधा योगायोगाचा असतो, आणि एकदा क्रमांक लागला की तो पुसत नाही. महाराष्ट्राने ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही स्पर्धा २०२३-२४ पासून घेतली आणि जिंकणाऱ्या शाळांना लाखांची बक्षिसे दिली. शाळा रंगल्या, परसबागा झाल्या, उत्साह आला. पण पैसा जिंकलेल्याकडे गेला. ज्या शाळेला शिक्षकच कमी आहेत तिची गरज तशीच राहिली. शिक्षणात मोजमापाचा ओघ उलटा हवा, आकडा जिथे खाली तिथे मदत आधी.

पालकांपुढे ठेवायच्या गोष्टी थोड्या असाव्यात. पहिली, विषय शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा किमान एकेक शिक्षक हवा, आणि पस्तीस मुलांमागे एक. शाळेत गणित-विज्ञानाची जागा वर्षातले किती महिने रिकामी होती, हे दारावर लिहिले गेले पाहिजे. ही शिक्षकांची परीक्षा नाही, प्रशासनाची आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत आधी यावी. भाषेच्या बाईंनी बीजगणित ओढत नेले असेल तर त्या वर्गाच्या निकालाला जबाबदार त्या नाहीत. शिक्षकाला मतदार यादीच्या कामाला किती दिवस नेले, तेही त्याच कागदावर यावे. कायद्याचे २७ वे कलम निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण एवढ्यांपुरतीच मुभा देते. पण मुभा असली तरी वर्ग रिकामा राहतोच.

दुसरी गोष्ट प्रगतीची. सहावीच्या सुरुवातीला आणि आठवीच्या शेवटी भाषा व गणिताची एक छोटी चाचणी, आणि ती दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी घ्यावी. मोठ्या शाळांसाठी एका वर्षाचा आकडा चालेल. लहान वर्गांसाठी, मराठी शाळांसह, तीन वर्षांची मुले एकत्र धरून सरासरी काढावी, म्हणजे एका मुलाच्या तापाने शाळेचे नशीब ठरणार नाही.

तिसरी गोष्ट नववीची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जूनमध्ये एलसी घेऊन गेलेल्या आठवीच्या मुलांपैकी किती जण सप्टेंबरमध्ये कुठल्या तरी नववीच्या वर्गात बसलेले आहेत? प्रत्येक मुलाला आता राज्याच्या यंत्रणेत ओळख क्रमांक आहे, त्यामुळे हे शोधणे अशक्य नाही. शाळेने फक्त एलसी फाडून दिली की आठवीच्या वर्गशिक्षकाने चार माध्यमिक शाळांचे अर्ज स्वतः आणून दिले, हा फरक याच आकड्यात उतरतो. या आकड्याची दुसरी खुबी अशी की तो सहजी फुगवता येत नाही. मूल दुसऱ्या शाळेच्या हजेरीपटावर असते किंवा नसते. उलट त्यात एक धोकाही आहे आणि तो लक्षात ठेवला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीत मूल मागे ठेवण्याची मुभा मिळाली आणि गुजरातने ती स्वीकारली. आकडा चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलाला आठवीतच थांबवले जाऊ शकते, किंवा सातवीनंतर गोडीगुलाबीने दुसरी शाळा दाखवली जाऊ शकते. त्यासाठी मोजणी आठवीपासून न धरता सहावीत नाव घातलेल्या प्रत्येक मुलापासून धरावी. तीन वर्षांपूर्वी सहावीत साठ होते, आज त्यातले नववीत किती. जे बदली होऊन गेले त्यांचा माग काढावा, जे गावी परतले त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

याला जोडून एनएमएमएसच्या परीक्षेला शाळेतून किती मुले बसली, एवढेही सांगता येईल. आठवीतल्या ज्या मुलाला ही शिष्यवृत्ती मिळते त्याला नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घरात मुलाच्या मजुरीचा मोह असतो, तिथे ही रक्कम त्याला शाळेत ठेवायला पुरते. पास किती झाले यापेक्षा बसवले किती, हे शाळेच्या वृत्तीबद्दल जास्त सांगते.

शिक्षक संघटनांची शंका मी गृहीत धरतो: आज प्रगती, उद्या बदली, परवा पगारवाढ, अशी ही माहिती वापरली जाईल. ही भीती बाळगण्याला कारणे आहेत, आणि ती आश्वासनाने जाणार नाही. नगर प्राथमिक शिक्षण समितीने ठराव करून लिहून द्यावे की या आकड्यांवरून पाच वर्षे कुणाचीही शिक्षा म्हणून बदली होणार नाही आणि कुठल्याही शाळेच्या विलीनीकरणात ते आधार म्हणून वापरले जाणार नाहीत. असे बंधन घातले की आकडे खरे राहण्याची शक्यता वाढते. काही पालक तरीही मुलांना एका शाळेतून दुसरीत हलवतील. तेवढी किंमत मोजावी लागेल. बहुसंख्य पालक हलणार नाहीत, कारण लहान भावंडाला सोबत न्यायचे असते, रस्ता ओलांडायचा असतो, आईची कामाची वेळ असते. त्यांच्यासाठी हा कागद शाळा बदलण्याचे साधन नाही. तो त्याच शाळेत प्रश्न विचारण्याचे साधन आहे.

प्रश्न विचारायची जागा कायद्याने दिलेलीच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे २१ वे कलम सांगते. आज अनेक ठिकाणी या समितीची बैठक म्हणजे आधी लिहिलेल्या इतिवृत्तावर सह्या. सही करणाऱ्या आईच्या हातात एक पान असेल, तिच्या भाषेत, मोठ्या अक्षरात, तर बैठक वेगळी होईल. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक संस्थांना अशी माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य घालून दिलेले आहेच, त्यासाठी गांधीनगरच्या नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शासनाधिकाऱ्यांच्या कार्यालयाने पुढच्या जूनच्या आत एवढे करावे. पहिल्या वर्षी फक्त दोन आकडे: विषय शिक्षकाची जागा किती महिने रिकामी होती, आणि सहावीत आलेल्यांपैकी किती जण नववीत पोहोचले. चाचण्या दुसऱ्या वर्षापासून, नीट आखून. पान गुजराती, हिंदी, मराठी आणि उर्दूत छापावे आणि शाळेच्या फाटकावर लावावे, कारण दुपारी मुलाला घ्यायला आलेली आई पोर्टल उघडत नाही, फाटकाशी उभी राहते. आणि ज्या शाळांचा नववीचा आकडा सर्वांत खाली असेल, त्या वर्षी भरल्या जाणाऱ्या गणित-विज्ञानाच्या जागा आधी तिथल्या भराव्यात.